चौथ्या ओळीतलं नाव

तारीख लिहिताना माझा हात अजूनही क्षणभर थबकतो. महिना आधी की दिवस आधी? अमेरिकेत, बेलव्ह्यूला येऊन मला अठरा वर्षं झाली. बँकेच्या, शाळेच्या, इन्शुरन्सच्या फॉर्मांवर महिना आधी लिहायची सवय हाताला कधीच लागली होती. मध्येच हे थबकणं सुरू झालं ते सरनोबतकाकांमुळे. गंमत म्हणजे स्वतः काका कधी थबकत नसत. इथल्या सत्तावीस वर्षांत त्यांनी तारीख एकदाच चुकीची लिहिली.

काका आमच्या ऑफिसात टेस्टिंगचे लीड होते. बुटके, रुंद, मनगटं चांगली जाडजूड, मिशा पांढऱ्या आणि ओठाबरोबर कापलेल्या. शर्टाच्या खिशात पेन्सिलीचा बोटभर तुकडा आणि दोन झिप-टाय, म्हणजे आवळून बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, बारा महिने. मीटिंगलासुद्धा. एकदा एका नव्या मॅनेजरनं विचारलं, की हे कशासाठी? काका म्हणाले, "एल्कसाठी." मॅनेजरला वाटलं, एखाद्या प्रॉजेक्टचं नाव असेल. त्यानं ते वहीत लिहूनही घेतलं.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. काका दर नोव्हेंबरला चार दिवस रजा टाकून डोंगरापलीकडे याकिमाच्या बाजूला एल्कच्या शिकारीला जायचे. आम्ही बाकीचे मराठी लोक घरांचे भाव, शाळा आणि शेअर्स यांवर बोलणारे. त्यामुळे मंडळात काकांविषयी दोन तट होते. एका तटाला ते रानटी वाटत. दुसऱ्या तटालाही तसंच वाटे, पण तो तट त्यांच्याकडे जेवायला जात असे. मी दुसऱ्या तटात होतो.

ऑफिसात त्यांचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. "कागद उघडला की पुरा वाचायचा." एका चुकीसाठी फाईल उघडलीस ना, मग तेवढीच दुरुस्त करून पळायचं नाही, पहिल्या ओळीपासून वाचायचं. माझी एकदा एका आकड्याची चूक होती. दोन मिनिटांचं काम. काकांनी खुर्ची ओढली, शेजारी बसले आणि चाळीस पानं वाचायला लावली. एकतिसाव्या पानावर माझीच दुसरी चूक निघाली, पहिलीपेक्षा कितीतरी महागात पडणारी. काका विजयानं हसले वगैरे नाहीत. "राहिली असती," एवढंच म्हणाले आणि डबा खायला गेले. मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घर नीटनेटकं, पण काकांचा खरा मुक्काम गॅरेजमध्ये. तिथे एक आडवा मोठा फ्रीझर होता आणि त्यात पांढऱ्या कागदात गुंडाळलेली मांसाची पाकिटं, प्रत्येकावर जाड काळ्या मार्करनं लिहिलेल्या चार ओळी. पहिल्या ओळीत काय, दुसऱ्या ओळीत कुठे, तिसऱ्या ओळीत तारीख आणि चौथ्या ओळीत मारणाऱ्याचं नाव. बहुतेकांवर 'सरनोबत'. कुणा मित्रानं वाटा दिला असेल तर त्याचं नाव. जेवायला बसलं, की रश्श्याचं पातेलं उघडण्याआधी काका त्या पाकिटावरच्या चारही ओळी वाचून दाखवत. तोंडाला सुटलेलं पाणी जागच्या जागी आटायचं.

माझी बायको विनया स्पष्टवक्ती. ती म्हणाली, "काका, हे चौथं कशाला हो? आम्ही काय कंप्लेंट करायला जाणार आहोत का?"

"दुकानातल्या कोंबडीवर नसतं गं," काका म्हणाले. "म्हणून तर ती आपण हसत खातो."

विनयानं त्यानंतर तिथे जेवणं सोडलं नाही, पण पाकीटवाचन चालू असताना ती कोशिंबिरीचं निमित्त काढून आत जायची.

या चौथ्या ओळीचं मूळ मला पुढे कळलं. त्याआधी संदीपविषयी सांगायला हवं. संदीप म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बहिणीला ते अक्का म्हणत. अक्का कोल्हापुरात. संदीपला अमेरिकेत आणला काकांनीच. "माझ्या जबाबदारीवर पाठव" असं अक्काला सांगून. तो आमच्याजवळच रेंटनला राहायचा, बायको प्राची आणि दोन मुली. दोघी इथेच जन्मलेल्या, काकांशी फक्त इंग्रजीत बोलणाऱ्या. संदीप अजून व्हिसावरच होता. ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहून त्याला अकरा वर्षं झाली होती. त्या रांगेतल्या माणसाचा स्वभावच बदलतो. संदीप स्पीडिंगच्या तिकिटाच्या भीतीनं हायवेवर उजव्या लेनमधून, म्हाताऱ्यांच्या मागून गाडी चालवायचा. कुठे सही करायची म्हटलं, की आधी वकिलाला मेल.

अशा माणसाला शिकारीचा नाद लागला तो मामापायी. काकांनी त्याला शिकारीचा कोर्स करायला लावला, व्हिसावरच्या माणसाला बंदूक हातात घ्यायला जे जे कागद लागतात ते सगळे करवले आणि मग गॅरेजमध्ये स्वतःची शाळा घेतली. सोफ्याची उशी म्हणजे एल्क. पडल्यापडल्या आधी टॅग. टॅग म्हणजे लायसन्सबरोबर मिळणारा, शिकाऱ्याच्या नावाचा कागद; त्यावर महिने आणि दिवस छापलेले असतात. मारल्याचा महिना आणि मारल्याचा दिवस चाकूनं तिथल्या तिथे कापून काढायचा आणि टॅग जनावराला बांधायचा. काका त्याला जाड हातमोजे घालायला लावून, बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून हे करवून घेत. "टॅग आधी, फोटो नंतर. टॅग आधी, पाणी नंतर." नर होता की मादी, याची खूण मांसाला तशीच जोडलेली ठेवायची. मांस दुसऱ्याच्या गाडीतून जाणार असेल, तर चिठ्ठी द्यायची. कुणी मारलं, लायसन्स नंबर, कुठे, कोणत्या तारखेला, खाली सही. उशीच्या कानाला टॅग बांधलेला पाहून संदीपच्या मुली खिदळत.

मीही त्यांच्याबरोबर तीन वर्षं जात होतो. बंदूक धरली नाही. खिचडी, चहा आणि मोठी गाडी ही माझी पात्रता. दुसऱ्या वर्षी छावणीत, दुपारी पाऊस लागून आम्ही तंबूत अडकलो असताना मी विचारलं, "काका, हे नावाचं एवढं काय आहे तुमचं?"

काकांनी चहा संपवला. मग सांगितलं.

त्यांचे वडील गगनबावड्याकडचे, नामांकित शिकारी. पुढे शिकारबंदी झाली, पण वडिलांचं बंद झालं नाही. काका कॉलेजातून सुट्टीला आले असताना वडिलांनी सांबर पाडलं. फॉरेस्टची जीप दारात आली तेव्हा मांस अजून परसात होतं. साहेबानं विचारलं, कुणी मारलं? वडील गप्प. धोंडी नावाचा त्यांचा माग काढणारा माणूस होता, त्यानं हात वर केला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नाही. वडिलांनी मान खाली घातली आणि साहेबानं धोंडीचं नाव लिहून घेतलं.

"मी खांबाला टेकून उभा होतो," काका म्हणाले. "एकोणीस वर्षांचा. बी.एस्सी.ला. मला माहीत होतं ना कुणी मारलं ते. धोंडी तुरुंगात गेला आणि परत आला तो खोकत आला. दोन पावसाळे काढले त्यानं. आमच्या घरातून त्याला शेवटपर्यंत तांदूळ जायचे. वडील म्हणायचे, आपण त्याचं सगळं केलं." मग त्यांनी पेला पालथा घातला. "इथं आलो आणि पहिल्यांदा तो टॅग हातात घेतला. जनावराला मारणाऱ्याचं नाव बांधायचं, असा कायदाच आहे म्हणाले. मला रडू आलं रे. दुकानात."

संदीप तंबूच्या तोंडाशी बसून पावसाकडे बघत होता. त्यानंही ते पहिल्यांदाच ऐकलं असावं.

आता तिसरं वर्ष. त्या भागात साध्या टॅगवर फक्त स्पाइक मारता येतो, म्हणजे ज्याच्या शिंगांना फांद्या फुटलेल्या नाहीत असा कोवळा नर. फांद्यांचा मोठा नर मारायचा तर वेगळं परमिट, आणि ते सोडतीत लागावं लागतं. काका चौदा वर्षं अर्ज करत होते. त्या वर्षी त्यांना ते लागलं. इतका खुश माणूस मी पाहिला नव्हता. ऑफिसात त्यांनी पेढे वाटले. गोऱ्यांना वाटलं, नातू झाला.

चार नोव्हेंबर. सकाळी धुकं होतं, खाली घोट्याएवढं बर्फ. काका वरच्या धारेवर, संदीप खालच्या ओहोळापाशी, मी छावणीत कांदा चिरत. एकच बार झाला. आवाज खालून आला होता. थोड्या वेळानं संदीपची हाक आली, आणि ती हाक आनंदाची नव्हती.

मी पोचलो तेव्हा काका आधीच तिथे होते. एल्क कुशीवर पडला होता. प्रचंड धूड, वाफ निघत होती. वरच्या बाजूचं शिंग फांदीपासून मोडलेलं, नुसता सोटा राहिलेला. बर्फात रुतलेलं दुसरं शिंग काकांनी दोन्ही हातांनी वर उचललं, तर त्याला पाच फांद्या.

"मामा, आय स्वेअर, स्पाइकच दिसला," संदीप म्हणत होता. "एकच साइड दिसली. धुक्यात एकच साइड दिसली, मामा." तो गुडघ्यांवर बसला होता आणि हातमोजे काढून घालत होता, परत काढत होता. "फाईल आता कुठे हलायला लागलीय. केस झाली तर? पोरी... प्राचीला काय सांगू मी?"

काकांनी शिंग हळूच खाली ठेवलं. अशा वेळी वन्यजीव खात्याला आपणहून कळवायचं, चूक झाली म्हणून सांगायचं, हे त्यांनीच त्याला गॅरेजमध्ये शिकवलं होतं. तिघांनाही ते ठाऊक होतं.

मग एक जण म्हणाला, "काका, तुमच्याकडे परमिट आहे ना?"

हे वाक्य संदीपचं नव्हे, माझं. मी ते अगदी सहज बोललो, पार्किंगला जागा दाखवावी तसं. चौदा वर्षांनी लागलेलं परमिट, मोठ्या नराचं, त्याच भागातलं, त्याच आठवड्यातलं. टॅग बांधला की प्रकरण संपलं. कुणाचं काय जाणार होतं?

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग संदीपकडे. खिशातून स्वतःचा टॅग काढला, चाकूनं नोव्हेंबर कापला, चार कापला आणि झिप-टायनं शिंगाला बांधला. मला हायसं वाटलं, हे कबूल करतो.

दुपारपर्यंत आम्ही मांस खाली आणलं. दोन फऱ्या माझ्या गाडीत, बाकीचं शिंगांसकट काकांच्या ट्रकमध्ये. मी म्हटलं, मागेमागेच तर येतोय, चिठ्ठी कशाला? काका म्हणाले, "मध्ये एक सिग्नल आला तरी तू वेगळा." ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी चिठ्ठी लिहिली. हे जनावर मी मारलं, नाव, लायसन्स नंबर, भाग, तारीख, सही. मला वाचायला दिली. मी ती पुरी वाचली. मला त्यात काहीही चूक दिसली नाही.

जंगलाचा रस्ता हायवेला मिळतो तिथे वन्यजीव खात्याची एक तरुण ऑफिसर गाड्या तपासत होती. हसतमुख बाई. तिनं ट्रकमधला टॅग पाहिला, शिंग पाहिलं, काकांचं परमिट पाहिलं आणि अभिनंदन केलं. चौदा वर्षं, वाव! मग माझ्या गाडीपाशी येऊन चिठ्ठी मागितली. वाचता वाचता तिच्या कपाळावर आठी आली.

"एप्रिल इलेव्हन्थ?"

काकांनी ४/११ लिहिलं होतं. दिवस आधी. कोल्हापूरच्या शाळेत शिकले होते तसं. मला ते दिसलं नाही, कारण मीही तशाच शाळेत शिकलो. संदीपला तर त्यांनी दाखवलंच नव्हतं. सत्तावीस वर्षं जो हात कधी चुकला नाही, तो नेमका खोटं लिहिताना आपल्या गावी गेला.

बाईला संशयबिंशय काही आला नाही. टॅग बरोबर होता. आपल्याकडच्या लोकांची ही गडबड तिनं आधी पाहिली असावी. तिनं स्वतःचं पेन काकांना दिलं आणि म्हणाली, तारीख तेवढी दुरुस्त करा, बाजूला इनिशियल करा आणि निघा.

काकांनी चिठ्ठी माझ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली. ४/११ वर एक सरळ रेघ मारली, वर ११/४ लिहिलं, बाजूला सही केली. पेन परत देतील म्हणून बाईनं हात पुढे केला होता. काका तसेच वाकून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मला कळलं ते काय करतायत. कागद उघडला होता. ते पहिल्या ओळीपासून वाचत होते.

मग त्यांनी स्वतःच्या नावावर रेघ मारली, तितकीच सरळ. वर संदीपचं नाव लिहिलं. आणि त्याही दुरुस्तीच्या बाजूला सही केली.

"मामा," संदीप म्हणाला. तेवढंच.

बाईनं आम्हाला वेगवेगळं उभं करून विचारलं. मला विचारलं, कोणी मारलं ते पाहिलंस का? मी म्हटलं, मी छावणीत स्वयंपाक करत होतो. हे शंभर टक्के खरं होतं. टॅगची सूचना कुणाची, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. काकांनीही सांगितलं नाही. मांस जप्त झालं, शिंगं जप्त झाली, दोन्ही बंदुका जप्त झाल्या. केस झाल्या त्या दोघांवर. माझं नाव कुठेच नाही.

परतताना संदीप माझ्या गाडीत बसला. बेलव्ह्यू आल्यावर म्हणाला, "तारीख फिक्स करायला सांगितली होती फक्त."

मला काकांचा राग आला होता आणि मी तो त्यांच्या तोंडावर बोललो. म्हटलं, "काका, धोंडीचं ओझं तुमचं होतं. ते त्या पोराच्या डोक्यावर का टाकलंत?" काका म्हणाले, "आधी टॅग बांधला तीच चूक. मग कुठूनही उसवलं तरी कुणीतरी फाटणारच होतं." माझा राग अजूनही पुरता गेलेला नाही.

वकील म्हणाला, एवढ्यानं काही होणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात संदीपचे वडील वारले, त्याला कोल्हापूरला जावं लागलं. परतीच्या व्हिसाचा शिक्का मिळाला नाही. पुढील तपासणी, असं सांगितलं आणि तपासणी चालूच राहिली. कारण कुणी लेखी दिलं नाही. असं कोणतीही केस नसलेल्यांचंही होतं, हे मी काकांना दहादा सांगितलं. पाच महिन्यांनी कंपनीनं वाट बघणं थांबवलं. प्राचीनं रेंटनचं घर एकटीनं आवरलं आणि मुलींना घेऊन गेली. धाकटी एअरपोर्टवर विचारत होती, "बट व्हेन आर वी कमिंग होम?" त्या वर्षी अक्काच्या घरात सण नव्हता, पण भाऊबीजेला तिचा साधा फोनही आला नाही. दरवर्षी व्हिडिओवर ती काकांना ओवाळायची. काका दिवसभर फोन टेबलावर उभा करून बसले होते. मी संध्याकाळी गेलो तेव्हाही तो तसाच उभा होता, पाण्याच्या तांब्याला टेकवून.

सामान पाठवायची सोय होईपर्यंत संदीपचं घर काकांच्या गॅरेजमध्ये आलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच, डिसेंबरच्या एका रविवारी. पुढच्या आठवड्यात ते झोपेतच गेले. फ्रीझरचं झाकण उघडं होतं, तो रिकामा करून पुसून ठेवला होता. भिंतीला खोक्यांची चळत. काका छोट्या स्टुलावर बसून खोक्यांवर जाड काळ्या मार्करनं लिहीत होते. बरेच हडकले होते. खिशात पेन्सिल होती, झिप-टाय नव्हत्या.

मी जवळ जाऊन वाचलं. पहिली ओळ, मुलींची पुस्तकं. दुसरी ओळ, रेंटन. तिसरी ओळ, तारीख, महिना अक्षरांत लिहिलेला. चौथी ओळ, सरनोबत.

बाजूच्या खोक्यावर स्वयंपाकघर, रेंटन, तारीख, सरनोबत. त्याच्या खाली देवघर, रेंटन, तारीख, सरनोबत. सगळ्यांवर तेच.

मी म्हटलं, "काका, इथे संदीपचं नाव हवं ना? सामान त्याचं आहे."

"सामान त्याचंच आहे," काका म्हणाले. "ती ओळ त्याची नव्हे."

त्यांनी पुढचं खोकं ओढलं आणि ते थकलेले दिसले म्हणून मी ते धरलं. मी धरून उभा होतो, ते लिहीत होते. त्या ओळीत अजून एक नाव सहज मावलं असतं. मी मार्कर मागितला नाही.